स्लीव्ह झाल्यावर अ‍ॅसिडिटीची गोळी किती दिवस घ्यायची?

खारी_बिस्किट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यांवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील तेवढेच. आज स्वतःचं अडलंय म्हणून पहिला धागा काढतेय.

एप्रिलमध्ये माझं वजनाचं ऑपरेशन झालं, स्लीव्ह. जठराचा पाऊण भाग उभा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी ठेवतात, ते. वय ४४. वजन तेव्हा १०९ होतं, आज सकाळी ९१.५. मधुमेहाच्या दोन गोळ्यांपैकी एक सुटली. त्यामुळे ऑपरेशनबद्दल तक्रार नाही.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर पॅन्टोप्रॅझोल ४०, रोज सकाळी उपाशीपोटी, ३ महिने असं लिहिलंय. तीन महिने आता भरत आले. मधल्या काळात सासूबाईंच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं की ही गोळी हाडं पोकळ करते, किडनी खाते, आणि एकदा लागली की सुटत नाही. त्यांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मी बाई जन्मात अशी गोळी घेतली नाही." (त्या रोज इनो घेतात, ते वेगळं.)

मग मीच शहाणपणा केला आणि गेल्या रविवारपासून गोळी बंद केली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या रात्री दोन वाजता झोपेतून दचकून उठले, घशाशी कढत काहीतरी आलेलं. उलटी नाही, पण नाकापर्यंत झिणझिण्या. उरलेली रात्र हॉलमधल्या खुर्चीत बसून काढली. सकाळी कोणाला न सांगता गोळी पुन्हा सुरू.

तर तीन महिने म्हणजे नक्की तीनच का? आणि मला खरोखर तिची सवय लागलीय का? सर्जनची भेट पुढच्या शुक्रवारी आहे, तिथे विचारणारच आहे. तोवर ज्यांनी हे भोगलंय त्यांचे अनुभव हवेत. "डॉक्टरांना विचारा" हा प्रतिसाद सर्वांत आधी येणार हे गृहीत धरलंय.

आळशी_अजगर
डॉक्टरांना विचारा.

(माफ करा, हात शिवशिवले.)

मिरजेची_तार
वाचतेय. माझ्या बहिणीचं दिवाळीनंतर करायचं चाललंय. तिला आत्ताच इतकी अ‍ॅसिडिटी आहे की पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट असतं. ऑपरेशननंतर ती कमी होते की वाढते? डॉक्टर म्हणाले "बघू". या "बघू"चा अर्थ काय घ्यायचा?

गोदाकाठचा
खारीताई, अभिनंदन. साडेसतरा किलो म्हणजे गव्हाच्या पोत्याचा बऱ्यापैकी भाग झाला.

मी ६२ वर्षांचा. २०१६ साली मिनी बायपास केली (हृदयाची नव्हे, वजनाचीच. जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात). तेव्हा मला वाटायचं की पोटच लहान केलं तर अ‍ॅसिड कुठून येणार? पण ते असं नसतं. सविस्तर रात्री लिहितो, आता नातवाला क्लासला सोडायचंय.

पोटफोड्या
मी सर्जन आहे पण बेरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनांचा, नव्हे. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय असली साधी गिऱ्हाइकं. तेव्हा हे सल्ला म्हणून न घेता माहिती म्हणून वाचा.

स्लीव्हमध्ये उरलेल्या नळीतही अ‍ॅसिड बनवणाऱ्या पेशी असतातच. शिवाय आधी जठर ही सैल पिशवी होती, आता ती अरुंद नळी झाली. थोडं अन्न गेलं तरी आतला दाब वाढतो. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे एक तिरका कोन असतो, तो झडपेसारखा उपयोगी पडतो. ऑपरेशनमध्ये तोही थोडा बिघडू शकतो. मग दाबाने आतलं वर येतं. त्यात भर म्हणजे कापलेल्या कडेला मारलेल्या स्टेपलची लांब रेघ ताजी असते, तिला अ‍ॅसिडपासून जपायचं असतं. पहिले काही महिने गोळी देतात ती या दोन्हींसाठी. कुणी एक महिना देतं, कुणी तीन, कुणी सहा. "तीन" हा आकडा शिलालेख नव्हे.

मिरजेची_तार, तुमच्या "बघू"चं उत्तरही यातच आहे. ज्याला आधीपासून जोराची जळजळ आहे किंवा हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) आहे, त्याला पुष्कळ सर्जन स्लीव्हऐवजी बायपास सुचवतात. बायपासने जळजळ बहुतेकदा कमी होते, स्लीव्हने काहींची वाढते. बहिणीची आधी एंडोस्कोपी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर का नाही, हेही.

मिरजेची_तार
नाही झाली. विचारते. धन्यवाद डॉक्टर.

देशी_उपाय
मूळ प्रश्नच चुकीचा आहे. अ‍ॅसिड शरीराला लागतं म्हणूनच निसर्गाने दिलंय. ते दाबलं की अन्न कुजतं. आधी जठर कापायचं आणि मग उरलेल्याला गोळ्यांनी गप्प करायचं! जिभेवर ताबा ठेवला असता तर दोन्हीची गरज पडली नसती. कोमट पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घ्या, दहा मिनिटांत आराम. आमच्या घरी तीन पिढ्या हेच करतात.

पोटफोड्या
खायचा सोडा अ‍ॅसिडला भेटला की गॅस होतो. धडधाकट पोटात ढेकर येते, विषय संपतो. तीन महिन्यांपूर्वी शिवलेल्या केळ्याएवढ्या नळीत फुगा कशाला करायचा? शिवाय सोड्यात सोडियम, म्हणजे रक्तदाबाच्या माणसाला वेगळाच ताप. तीन पिढ्यांपैकी स्लीव्ह किती जणांची झाली होती?

आळशी_अजगर
डॉक्टरांना विचारा म्हटलं होतं, डॉक्टर स्वतःच आले.

खारी_बिस्किट
@देशी_उपाय, "जिभेवर ताबा" हे वाक्य मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून ऐकतेय. दोनदा दीक्षित, एकदा कीटो, एकदा ते कसले तरी पावडरीचे डबे. दर वेळी उतरलं आणि व्याजासकट परत आलं. यावर मी इथे वाद घालणार नाही. सोड्याचं मात्र बरं झालं कळलं, कारण काकूंनी इनोचं पाकीट आणूनही दिलं होतं. ते परत करते.

औषधवाली
औषधाच्या दुकानात उभी राहून लिहितेय, मधे मधे गिऱ्हाईक आहे, चुका माफ.

पहिला प्रश्न, गोळी *केव्हा* घेता? "सकाळी उपाशीपोटी" वाचून लोक सहाला घेतात आणि अकराला खातात. किंवा नाश्त्याबरोबर घेतात. दोन्ही चूक. ही गोळी पोटात आधीच असलेल्या अ‍ॅसिडला काही करत नाही. अ‍ॅसिड सोडणारे जे पंप पेशींवर असतात, त्यातले *चालू झालेले* पंप ती बंद करते. आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. पूर्ण परिणाम यायलाही तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे "जळजळलं की एक" अशी घेऊन फारसा उपयोग नाही.

दुसरं, पॅन्टोप्रॅझोलच्या गोळीवर एक लेप असतो. पोटातल्या अ‍ॅसिडने औषध नासू नये म्हणून तो असतो. ती कुटायची नाही, अर्धी करायची नाही. ऑपरेशननंतर सगळ्याच गोळ्या कुटून द्यायच्या असं काहींना सांगितलेलं असतं, मग खलबत्त्यात हीही जाते. मी एका आजोबांना ती मधात चाटताना पाहिलंय.

तिसरं, साधी पॅन (म्हणजे पॅन्टोप्रॅझोल) आणि पॅन-डी एक नव्हेत. डी म्हणजे सोबत डोमपेरिडोन, उलटीचं औषध. लोक "ती पिवळी द्या" म्हणतात आणि काउंटरवरून जे मिळेल ते महिनोन्महिने घेतात. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी ही मिसळ आपल्या मनाने अजिबात घेऊ नये.

चौथं

औषधवाली
(गिऱ्हाईक आलं.) चौथं, बाकी गोळ्या कोणत्या आणि कधी घेता ते लिहा. मला शंका आहे.

खारी_बिस्किट
बापरे. लिहिते, हसू नका.

सकाळी ६ ला उठते. थायरॉईडची ७५ ची गोळी, उपाशीपोटी. तीही उपाशीपोटी आणि पॅनही उपाशीपोटी, म्हणून दोन्ही एकत्र गिळते. औषधाच्या बाटलीचं टोपण असतं ना, त्यातून घोट घोट पाणी, कारण एकदम प्यायलं की छातीत अडकतं. लगेच प्रोटीनचं पेय, कारण साडेसातची ठाणे लोकल. त्याच्याबरोबर मल्टिव्हिटॅमिन, लोह आणि कॅल्शियम, म्हणजे एकदाचं उरकतं. रात्री पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून दिलेली गोळी.

म्हणजे सकाळी सव्वासहाला पाच गोळ्या पोटात. त्या केळ्यात.

औषधवाली
हेच. शंका खरी निघाली.

थायरॉईडची गोळी एकटीने घ्यायची असते. लोह आणि कॅल्शियम तिला शोषू देत नाहीत, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं. लोह आणि कॅल्शियम एकमेकांशी भांडतात, त्यांच्यात किमान दोन तास. अ‍ॅसिड कमी केलं की लोहही कमी शोषलं जातं. कॅल्शियम *कार्बोनेट*लाही विरघळायला अ‍ॅसिड लागतं. पॅन चालू असताना आणि जठर कापलेलं असताना *सायट्रेट* बरं. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून बघा.

आणि प्रोटीनचं पेय लगेच घेतलंत तर पॅनला अर्धा तास मिळालाच नाही.

खारी_बिस्किट
बाटली पाहिली. कार्बोनेट.

बोरीबंदर
खारीताई, थायरॉईडवाल्या माझ्या बायकोने फ्रिजवर लोकलचं वेळापत्रक असतं तसं कोष्टक लावलंय. ५:४५ थायरॉईड (फास्ट), ६:१५ पॅन (स्लो), ७:०० नाश्ता, ११:३० लोह लिंबूपाण्याबरोबर (ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये), ४:०० कॅल्शियम, रात्री जेवणानंतर दुसरं कॅल्शियम. मेगाब्लॉक म्हणजे रविवार, तेव्हा सगळं एक तास उशिरा.

आळशी_अजगर
आणि इंडिकेटरवर काहीच दिसत नाही.

एडिसनकर
माझा अनुभव जरा वेगळा आहे, कारण माझी बायपास (रू-एन-वाय, म्हणजे आतड्याला दोन जोड देऊन करतात ती), २०१८ मध्ये, इथे न्यू जर्सीत. पण धागा गोळीचा आहे म्हणून लिहिते.

मला सहा महिने गोळी होती, मग बंद केली, काही त्रास नाही. वर्षभराने गुडघा धरला. दुकानातून आयबुप्रोफेन आणलं आणि दिवसातून दोनदा असं तीन आठवडे घेतलं. घेऊ नको असं सांगितलेलं होतं, हो, कागदावर ठळक अक्षरात होतं. पण गुडघा दुखत असताना कागद आठवत नाही. चौथ्या आठवड्यात काहीही खाल्लं की बेंबीच्या वर उंदीर कुरतडल्यासारखं व्हायला लागलं. मी आपली भूकच समजत होते. एंडोस्कोपीत लहान पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय त्या सांध्यावर व्रण निघाला, नाण्याएवढा.

तेव्हा डॉक्टरांनी गोळी न देता कॅप्सूल दिली आणि ती *उघडून* आतले दाणे सफरचंदाच्या गरात घालून, न चावता गिळायला सांगितले. बायपासनंतर वरची पिशवी इतकी लहान असते आणि तिथून सगळं इतकं झटकन पुढे जातं की कॅप्सूल फुटायच्या आधीच निघून जाते. २०१७ मध्ये इथे एक अभ्यास आला होता, उघडलेल्या कॅप्सूलने असे व्रण साधारण ३ महिन्यांत भरले, अखंड कॅप्सूलने ११ महिने लागले. माझा चार महिन्यांत भरला. सोबत व्रणावर थर धरणारं सुक्राल्फेटचं पातळ औषध होतं, त्याची चव भिंतीच्या चुन्यासारखी.

औषधवाली
+१. पण पुन्हा सांगते, हे दाण्यांच्या कॅप्सूलचं झालं. लेपाची गोळी कुटणं वेगळं. आणि स्लीव्हवाल्यांनी वाचून लगेच कॅप्सूल फोडू नयेत.

वेदनाशामकांचं अधोरेखित करते. आपल्याकडे अंग दुखतंय म्हणून दुकानात गेलं की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची मिसळ हातात पडते, "पोटाला त्रास नको म्हणून" सोबत एक पॅन. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन आहे, नुसती पॅरासिटामॉल नाही. बायपासवाल्यांनी दुकानात पहिलं वाक्य "माझं पोटाचं ऑपरेशन झालंय" हे म्हणायचं. स्लीव्हवाल्यांनीही.

संत्रीवाला
तंबाखूचं कोणी लिहिलं नाही अजून. माझ्या मोठ्या भावाचं नागपुरात बायपास झालं. बिडी-सिगारेट सोडली हे डॉक्टरला छाती ठोकून सांगितलं. खर्रा सोडला नव्हता! "खर्रा म्हणजे धूम्रपान थोडीच आहे" म्हणे. त्यालाही एडिसनकर ताईंसारखाच सांध्यावर व्रण झाला. गोळी चालू होती तरी झाला. डॉक्टर म्हणे, खर्रा चालू ठेवून गोळी घेणं म्हणजे टाकीचा नळ उघडा ठेवून पोछा मारणं.

मिरजेची_तार
आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका आहेत, त्यांनाही विचारलं तर "तंबाखू नाही खात" सांगतात. खरोखरच त्यांच्या हिशेबी मिश्री म्हणजे दात घासायचं.

सोलकढी_प्रेमी
अवांतर विचारतो. कोकम पित्तावर चांगलं ना? आमच्या मालवणात कोणाला आंबट आलं की आगळ पाण्यात घालून देतत. मग स्लीव्हवाल्यांना सोलकढी चालते का?

गोदाकाठचा
रात्री लिहितो म्हणालो होतो, तीन रात्री झाल्या.

सोलकढीचं आधी. मी पितो, पण तिखट मिरची नको आणि नारळाचं दूध पातळ हवं. पहिल्या सहा महिन्यांत आंबट काहीच सोसत नव्हतं. प्रत्येकाचं वेगळं.

आता माझं. मिनी बायपासमध्ये एकच जोड असतो. रटलेज नावाच्या अमेरिकन सर्जनने १९९७ मध्ये ही सुरू केली. सोपी, लवकर होणारी. पण त्या एकाच जोडामुळे आतड्यातलं पित्त (यकृतातून येणारा रस, आपण अ‍ॅसिडिटीला म्हणतो ते नव्हे) वरच्या पिशवीत येऊ शकतं. सगळ्यांना येत नाही, मला आलं. दीड वर्षाने रात्री उशीवर पिवळा-हिरवा डाग, तोंडात कारल्यासारखं कडू. मी ते अ‍ॅसिडच समजलो आणि पॅन दिवसाला दोन करून टाकल्या. नंतर एक रात्रीचीही वाढवली. दोन महिने ढिम्म फरक नाही.

कसा पडणार? पित्त हे अ‍ॅसिडच नाही. पंप बंद करून जी गोष्ट पंपातून येतच नाही ती कशी थांबणार? अ‍ॅसिड आंबट लागतं, पित्त कडू लागतं, हा फरक मला आमच्या वहिनीने सांगितला. शेवटी २०१९ मध्ये त्या जोडाची रू-एन-वाय करून घ्यावी लागली. त्यानंतर गोळी सुटली ती आजतागायत.

खारीताई, म्हणून विचारतो. तुमचं दोन वाजता आलं ते आंबट होतं की कडू?

खारी_बिस्किट
आंबट. नक्की आंबट. कैरीच्या पन्ह्यात गूळ घालायचा राहिला तर लागेल तसं.

पोटफोड्या
गोदाकाठचा यांचं वर्णन नेमकं आहे. स्लीव्हमध्ये पित्ताचा भाग कमी, अ‍ॅसिडचा जास्त.

आता "सवय लागली का" याबद्दल. काही आठवडे पंप दाबून ठेवले की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून त्यांना डिवचत राहतं. गोळी एकदम सोडली की सगळे पंप एकदम उसळतात आणि काही दिवस ते आठवडे आधीपेक्षा जास्त अ‍ॅसिड येतं. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर हे पाहिलं गेलं. पोटाची काही तक्रार नसलेल्यांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवली, तर बऱ्याच जणांना नव्यानेच जळजळ सुरू झाली! म्हणजे तुमची तिसरी रात्र ही कदाचित उसळी होती, कदाचित स्लीव्हची खरीच जळजळ. एका रात्रीवरून मी सांगू शकत नाही, तुम्हीही ठरवू नका. म्हणून एकदम बंद न करता एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं उतरवतात. काही जण मधे रात्री फॅमोटिडिन, हे अ‍ॅसिड कमी करणारं वेगळ्या जातीचं औषध, देतात. (पूर्वी रॅनिटिडिन द्यायचे. २०१९ मध्ये त्यात नको ती अशुद्धी सापडल्यापासून ते मागे पडलं. आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ मध्ये गेलं.)

फॉरवर्डबद्दल. हाडं, बी-१२, मॅग्नेशियम, क्वचित किडनी, ही यादी हवेतून आलेली नाही. ती *वर्षानुवर्षं* घेणाऱ्यांबद्दलची आहे, आणि त्यातही हाडांचा संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालेलं नाही. तीन महिन्यांसाठी कोणी घाबरू नये. पण जठर कापलेल्या शाकाहारी माणसाला बी-१२ची मारामार आधीच असते, म्हणून ते तपासत राहायचं.

आणि एक, या धाग्यावर सगळंच अ‍ॅसिडच्या खात्यात जमा होतंय म्हणून सांगतो. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात. उजव्या बरगडीखाली, जेवणानंतर, पाठीत जाणारी कळ ही अ‍ॅसिडिटी नसते. चालताना छातीत दाब आणि घाम ही तर नसतेच. काळी, डांबरासारखी चिकट शौच झाली किंवा पाणीही उतरेना झालं, तर धागा बंद करून दवाखाना गाठायचा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, ती चिकट नसते.

देशी_उपाय
मी एवढंच म्हणत होतो की वर्षानुवर्षं घेऊ नये. डॉक्टर तेच म्हणाले.

आळशी_अजगर
तुम्ही सोडा म्हणाला होतात. दोन्ही अर्थांनी.

बोरीबंदर
अवांतर: खारीताई, विम्याने दिले का पैसे? आमच्याकडे नाही म्हणाले.

खारी_बिस्किट
दिले, पण तीन चकरा. विम्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, असं लागतं. माझा ४१ होता. भारतीयांसाठी सर्जन याच्या बऱ्याच खालीही ऑपरेशन करतात, पण विमा तिथवर येत नाही. तुमचा आकडा बघा.

एडिसनकर
खारीताई, एक विचारायचं राहिलं. रात्री किती वाजता जेवता आणि किती वाजता झोपता?

खारी_बिस्किट
कळलं तुम्हाला. साडेनऊला मुगाचं कढण, दहाला आडवी. सातची लोकल चुकली की घरी पोचायलाच नऊ होतात हो.

गोदाकाठचा
ते कढण डब्यात न्या आणि गाडीत बसायला मिळालं तर प्या. मी नाशिक-मुंबई करायचो तेव्हा इगतपुरीच्या आत जेवण उरकलेलं असायचं. झोपायच्या आधी तीन तास पोट रिकामं, हे गोळीच्या बरोबरीचं औषध आहे. आणि पलंगाची डोक्याची बाजू उंच करा. उशा लावून उपयोग नाही, त्याने नुसती मान वाकते आणि पोट दुमडतं. पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली काहीतरी घाला.

खारी_बिस्किट
(नऊ दिवसांनी)

जाऊन आले. जरा मोठं आहे.

सर्जननी सगळ्यात आधी माझं सव्वासहाचं पाच गोळ्यांचं प्रकरण ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. नव्या कोष्टकात थायरॉईडची गोळी रात्री झोपताना गेली (जेवण आता साडेसहाला, डब्यात, त्यामुळे तेव्हा पोट रिकामं असतं), म्हणजे सकाळची गर्दीच मिटली. उठल्यावर पॅन, पाऊण तासाने प्रोटीन, घरातून निघायच्या आत. कॅल्शियम सायट्रेट. लोह दुपारी. थायरॉईडची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा, कारण गोळी इतके दिवस नीट शोषली गेली का तेच माहीत नाही.

पॅन आणखी सहा आठवडे रोज, मग दिवसाआड. उतरवताना पुन्हा तसं आलं तर एंडोस्कोपी. त्या म्हणाल्या की स्लीव्हवाल्यांची एंडोस्कोपी त्रास नसला तरी अधूनमधून करावी असं आता मानतात, कारण काहींच्या अन्ननलिकेत गुपचूप बदल होतात. जन्मभर लागेल का यावर त्या "बघू" म्हणाल्या. पण या खेपेला त्या बघूमागे तारीख होती.

फॉरवर्डही दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारलं, सासूबाई स्वतः काही घेतात का? घरी येऊन पाहिलं. सासूबाई गेली सहा वर्षं संधिवाताच्या गोळीबरोबर हीच पॅन घेतायत. त्यांच्या लेखी ती "पोटाची पिवळी", फॉरवर्डमधली वेगळी. बंद करू नका, असं आम्ही दोघी-तिघांनी मिळून कसंबसं समजावलं. आता त्यांचं बी-१२ तपासायला दिलंय.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या, दोन्हीकडे दोन-दोन. गेल्या सात रात्रींत एकदाही आलं नाही. फक्त नवरा रात्रभर घसरत खाली येतो आणि पहाटे त्याचे पाय पलंगाबाहेर असतात.

सोलकढी_प्रेमी
पलंग विटेवर उभा. आषाढी जवळच आहे, पंढरपूरला जायची गरज नाही.

मिरजेची_तार
ताईची एंडोस्कोपी झाली. हायेटस हर्निया निघाला, लहान. सर्जन आता बायपासचं बोलतायत. ती घाबरलीय, मी नाही. पोटफोड्या डॉक्टर, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.

खारीताई, आषाढीवरून आठवलं. उपवास करणार आहात का? साबुदाणा?

खारी_बिस्किट
गेल्या महिन्यातल्या एकादशीला दोन चमचे खिचडी खाल्ली होती. छातीत चिकटून बसली, पाऊण तास भिंतीला टेकून उभी होते. या वेळी सासूबाई म्हणाल्या, तुझा उपवास मीच करते, तू वरणाचं पाणी पी.